काचेखालचा हात

सोमवार, ६ जानेवारी २०२५
आजपासून नवी नोकरी! दादरच्या साडीच्या दुकानात नऊ वर्षं घड्या मोडल्या आणि घातल्या, त्याचं शेवटी चीज झालं. ऑफिस चिंचपोकळीला, एका जुन्या गाळ्यात. माणसं दोनच, मालक हर्षवर्धन आणि मी. त्याने एक टॅब बनवलाय. पडद्यावरच्या साडीवरून बोट फिरवलं की काच बारीक थरथरते आणि बोटाला चक्क कापड लागतं! घरबसल्या साडी घेणाऱ्याला पोत कळावा म्हणून. मी आधी खरं कापड चाचपायचं, मग काच, आणि कुठे चुकतंय ते सांगायचं. इरकलीचा काठ अजून प्लास्टिकसारखा लागतो, हे मी पहिल्याच दिवशी सुनावलं. तो म्हणाला, अनुजाताई, तुमची बोटं म्हणजे आमचं मीटर. लालबागला घरी येईपर्यंत मी हवेत होते. पुष्करने माझ्यासाठी आणि आमच्या मनूसाठी जिलबी आणली होती.

गुरुवार, ९ जानेवारी
काच फारच झपाट्याने शिकतेय. काल मी खणाला नुसता हात लावला, चूक सांगितलीही नाही, आणि आज काचेवर हुबेहूब तोच खण. हर्षवर्धन म्हणतो, यंत्र थेट बोटाकडूनच शिकतं. एक गोष्ट मात्र विचित्र. बोट स्थिर ठेवलं की काच खालून हळूच हलते. मी तिला नाही, तीच मला चाचपतेय असं वाटतं. त्याला सांगितलं तर हसला.

मंगळवार, १४ जानेवारी
संक्रांत. मनूच्या बोरनहाणासाठी हलव्याचे दागिने ओवत होते. साडेतीन वर्षांची पोर, गळ्यात घातल्याबरोबर टोचतंय म्हणून ओरडली. मी मूठभर हलवा तळहातावर चोळला. मला काटे लागेनात. थंडीने बोटं बधिर झाली असतील म्हणून ऑफिसला गेले. टॅबवर चित्र नव्हतं, नुसता काळा पडदा. सहज बोट टेकवलं.
काटे. एकेक काटा मोजता येत होता.

शुक्रवार, १७ जानेवारी
सकाळी हात तव्यावर टेकला होता. मला कळलंच नाही. पुष्करला वास आला तेव्हा तो धावत आला. परळच्या डॉक्टरांनी सुया टोचून पाहिल्या आणि नसा ठीक आहेत म्हणाले. माझ्याआधी हे काम कोण करायचं, ते हर्षवर्धनला खोदून विचारलं. प्राची नावाची मुलगी, फणसवाडीतली.

शनिवार, १८ जानेवारी
प्राचीला तिची आई भरवत होती. हात मांडीवर पडलेले, कुणीतरी विसरून गेल्यासारखे. काम सोडलं की बरं होतं का, विचारलं. ती म्हणाली, "मी ऑगस्टमध्येच सोडलं. गेलेलं परत नाही येत, ताई. ते तिकडेच राहतं." मग घरात लहान मूल आहे का विचारलं. मी हो म्हटलं.
"त्याला ती काच दिसूसुद्धा देऊ नका."

सोमवार, २० जानेवारी
राजीनामा दिला. त्याने अडवलं नाही. निघताना टॅब टेबलावर होता. शेवटचा हात लावला.
मनूचं कपाळ. घामेजलेलं, केसांची लव, सगळं. चार दिवस तिला कुशीत घेतेय आणि नुसतं वजन कळतंय. इथे ती होती.
मी काय करणार होते? तो बाहेर फोनवर होता. टॅब पिशवीत टाकला आणि आले.

बुधवार, २२ जानेवारी
कपाटात, साड्यांखाली ठेवलाय. पुष्करला सांगितलेलं नाही. मनू बालवाडीत गेली की काढते. थोडाच वेळ. आज तिचा गाल होता.

शुक्रवार, २४ जानेवारी
मनू झोपली होती म्हणून पटकन खाली जाऊन भाजी घेऊन आले, तर कपाट उघडं. मनू जमिनीवर, दोन्ही तळवे काचेवर, हसतेय. मी टॅब हिसकावला. ती रडली नाही.
जेवताना तिने गरम वरणात हात घातला. बोटं लाल झाली.
तेव्हाही रडली नाही.

शनिवार, २५ जानेवारी
पुष्करला सगळं सांगितलं. दोघं चिंचपोकळीला गेलो. गाळा रिकामा. शेजारचे म्हणाले, गुरुवारीच टेम्पो भरून गेले. फोन बंद. मी फोडणार होते टॅब, पण आत तिचं— फोडला तर तेही—

रविवार, २६ जानेवारी, दुपार
मनू सकाळपासून म्हणतेय, आई, जवळ ये ना. मी तिला मिठीत घेऊन बसलेय. तिला कळत नाही. मलाही.

शेवटी मीच टॅब काढला. एका टोकाला तिचा हात ठेवला, दुसऱ्याला माझा. तिने माझं बोट पकडलं. काचेखालून. घट्ट. मला लागलं! ती हसली, म्हणाली, आलीस?

बॅटरी नऊ टक्के. घरातला एकही चार्जर बसत नाही. पुष्कर चार्जर शोधायला लॅमिंग्टन रोडला गेलाय. आज सगळं बंद असणार.

उजव्या हाताने लिहितेय. पेन हातात आहे की नाही ते बघून बघून—

चार टक्के. पुष्कर फोन उचलत नाही.

ती विचारतेय, आई, तू जाणार का? मी इथेच आहे, तिच्यासमोर, तिचं डोकं माझ्या छातीवर—

एक. तिने दोन्ही हातांनी धरलंय. मनू, बघ माझ्याकडे, मी सोडलेलं नाही, मी नाही सोड—