माझ्या परवानगीशिवाय

१८ जुलै

आजपासून रोज लिहायचं. बेसबॉल सोडल्यावर लोक पुस्तक काढायला सांगतात आणि ऐन वेळी काही आठवत नाही, असं व्हायला नको.

एकतीस तारखेला संध्याकाळी सहा वाजता डेडलाइन. त्यानंतर कुठल्याच क्लबला खेळाडूंची अदलाबदल करता येत नाही. ड्रेसिंग रूममध्ये पोरांचे चेहरे पडलेत. जरा फोन वाजला की दचकतात. मी निवांत. माझ्या करारात नो-ट्रेड कलम आहे. माझ्या लेखी परवानगीशिवाय कोलंबसचा हा क्लब मला कुठेही पाठवू शकत नाही. सबंध टीममध्ये असं कलम माझ्या एकट्याकडे आहे. ड्वेन होलबर्गला हात लावायचा तर आधी ड्वेन होलबर्गला विचारावं लागतं.

कलम लोर्नासाठी मागितलं होतं. माझ्या खेळापायी तिने सात घरं बदलली. आता तिची आई इथल्या वृद्धाश्रमात आहे आणि लोर्नाशिवाय कुणाच्या हातून घास घेत नाही. मी शब्द दिलाय, पुन्हा हलायचं नाही. शब्द म्हणजे शब्द.

२० जुलै

हरलो. पिचर म्हणून चार इनिंग चेंडू फेकले, सहा रन दिले; बेसबॉलमध्ये हे जरा जास्त. माझे चेंडू उत्तम पडत होते, फक्त त्यांच्या बॅटला लागत होते. वेग दाखवणारं यंत्रही बिघडलंय. तसं सांगायला गेलो तर मैदानावरचा माणूस म्हणाला, "समोरच्या पिचरला बरोबर दाखवत होतं की." यंत्र एकाच बाजूने बिघडू शकतं हे या लोकांच्या डोक्यात शिरत नाही.

डावा खांदा किंचित नाराज. बर्फ लावला. उद्यापासून बिअर बंद.

२१ जुलै

फ्रिजमध्ये होती ती संपवली. आता घरातच नाही म्हटल्यावर बंद करणं सोपं.

२३ जुलै

पेपरात नाव! नॅशव्हिलला डावखुरा पिचर हवाय. कोण कोण मिळू शकेल त्याची लांबलचक चर्चा आणि अगदी शेवटी, 'झालंच तर होलबर्ग'. सगळ्यात महत्त्वाचं नाव शेवटी ठेवायची पद्धत असते.

नॅशव्हिल पहिल्या नंबरवर आहे. तिथे गेलं की वर्ल्ड सिरीजचं, म्हणजे सगळ्यात मोठं, विजेतेपद जवळजवळ ठरलेलं. विजेत्याची अंगठी माझ्या बोटात अजून आलेली नाही. अर्थात मी जाणार नाहीच. नुसतं लिहून ठेवतोय.

माझे चेंडू झेलणारा आमचा कॅचर युसेबियो म्हणाला, "काय आजोबा, नॅशव्हिलला गिटार शिकायला चाललात वाटतं?" ते गाण्याबजावण्याचं शहर, म्हणून सगळे हसले. मीही हसलो. जळतात.

२५ जुलै, सकाळी

एजंटला, म्हणजे बार्नीला, सहज फोन केला. "खरं सांगू का, तुझ्याबद्दल कुणी विचारलेलं नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, समजलं. तो म्हणाला, "काय समजलं?" काय नट आहे! असल्या गोष्टी फोनवर बोलायच्या नसतात, एवढं मला कळतं.

२५ जुलै, दुपारी

पण समजा, खरंच कुणी विचारलं नसेल तर? कारण उघड आहे. कलम. नकार ऐकायला कोण फोन करेल? कलमच माझ्या आड येतंय.

२७ जुलै

जेवताना लोर्नाने पेपरचा विषय काढला. "तू परवानगी देणार नाहीस ना, ड्वेन?" मी म्हटलं, "वेडी आहेस का?" तिने आणखी बटाटे वाढले. बारकाईने पाहिलं तर मी प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर दिलं, शब्द काही दिला नाही. तरी बटाटे ताटात तसेच टाकून उठलो.

२८ जुलै

परवानगीच्या कागदावर सही केली. जनरल मॅनेजरने इतक्या तत्परतेने पेन पुढे केलं की माझी किंमत माझ्या लक्षात आली. "कुठलाही क्लब चालेल?" त्याने विचारलं. मी मोठ्या मनाने म्हटलं, कुठलाही. लोर्नाला वेळ बघून सांगायचं. आज तिचं डोकं दुखतंय.

३० जुलै

मी परवानगी दिल्याचं माझ्याआधी रेडिओने सांगितलं. आईला भरवून परत येताना लोर्नाने गाडीत ऐकलं.

ओरडली असती तर बरं झालं असतं. चपलासुद्धा न काढता खुर्चीवर बसली. म्हणाली, "सात घरं आवरली मी. एकदा तरी विचारायचंस." मी म्हटलं, हे आपल्या दोघांसाठीच आहे. "आणि आईला कोण भरवणार? तुझी अंगठी?" मग म्हणाली, "तू जा. मी येणार नाही."

सोफ्यावर झोपतोय. खांद्याला सोफा मानवतो.

३१ जुलै, रात्री, स्टेडियमच्या पार्किंगमध्ये

दुपारची मॅच होती. दुसऱ्या इनिंगलाच पाच रन गेले. तेवढ्यात मॅनेजर, म्हणजे टीमचा प्रशिक्षक, हॅस्केल स्वतः मैदानात आला आणि माझ्या हातातून चेंडू अगदी हळूच काढून घेतला. आज डेडलाइनचा दिवस! या दिवशी चालू मॅचमधून कुणाला काढलं आणि डगआउटमध्ये, खेळाडूंच्या बाकांपाशी, मिठ्या सुरू झाल्या की सगळं जग समजतं, गडी विकला गेला.

मिठ्या कुणी सुरू करेना, म्हणून मीच केल्या. पोरांना अवघड जात असणार. एकेकाला धरलं. पाणी देणाऱ्यालाही सोडलं नाही. युसेबियोने विचारलं, "कुठे?" मी कानात म्हटलं, "नॅशव्हिल." त्याने खरोखरच घट्ट मिठी मारली. "जिंकून या, आजोबा." मग मी बाकावर उभा राहून चार शब्द बोललो. टीव्हीवर दाखवलं म्हणे.

हॅस्केलने ऑफिसात बोलावलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. पोर्टलंडचा एक डावखुरा पिचर घेतलाय, त्याला टीममध्ये जागा हवी, ती जागा माझी. मला काढून टाकलंय.

मी म्हटलं, माझ्याकडे नो-ट्रेड कलम आहे. "ट्रेड कुठे करतोय तुला?" तो म्हणाला. "सही दिलीस त्या दिवसापासून सगळ्यांना फोन केले रे. कुणी घेत नाहीये."

काढून टाकायला कुणाची परवानगी लागत नाही. हे कलमात कुठेच नव्हतं. आता घरी जायची भीती वाटतेय.

३ ऑगस्ट

काढलेल्या खेळाडूला बाकीचे क्लब काहीही न देता उचलू शकतात. फक्त 'हवा' म्हणायचं. मुदत आज दुपारी संपली. कुणी म्हटलं नाही. नॅशव्हिलनेसुद्धा.

लोर्ना आईचा डबा भरत होती. मी मागे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "चल, शेवटी तुझ्याच मनासारखं झालं. मी इथेच राहतोय."

तिने झाकण लावलं, चार बाजूंनी दाबून पाहिलं. "नाही, ड्वेन," ती म्हणाली. "तू राहिला नाहीस. तू उरलास."

मग ती आईकडे गेली.