इंजिनाचं स्वराज्य

२ जून, संध्याकाळ
आज रमाकांतने मला ओव्हरटेक केलं. ग्वाल्हेरच्या थाटीपूर चौकात, सिग्नल हिरवा होताच. रमाकांत म्हणजे दर्पण कॉलनीत आमच्या समोर राहणारा, महालेखाकार कचेरीतून निवृत्त झालेला. आयुष्यात सायकलची घंटीही ज्याने कधी जोरात वाजवली नाही, तो. त्याने नवी विजेवरची गाडी घेतली आहे. आवाज नाही, धूर नाही, चारित्र्य नाही. पुढे जाताना त्याने हात हलवला.

माझी गाडी टर्बो आहे. मागच्या दारावर तसं लिहिलेलंच आहे. कॉलेजात तीस वर्षं मी राज्यशास्त्र शिकवलं, सभा गाजवल्या, आणि चौकात मला मागे टाकणार कोण, तर रमाकांत.

टर्बो गाडी कागदोपत्री वनमालाच्या नावावर आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिने स्वतःच्या पैशांतून घेतली. हा तांत्रिक मुद्दा झाला. इंजिन कळतं मला.

३ जून
रात्रभर इंटरनेटवर वाचन केलं. रक्त उसळलं. हेच इंजिन युरोपात जास्त ताकदीने विकतात. आपल्याकडे मात्र कंपनी त्याच्या कंप्युटरला सॉफ्टवेअरचा लगाम घालते. म्हणजे ताकद आहे, ती माझ्या बॉनेटखाली आहे, आणि ती माझ्यापासूनच लपवून ठेवली आहे. गुलामगिरी म्हणजे दुसरं काय असतं?

कंपनीच्या भोपाळ झोनला खरमरीत ईमेल केला. चार पानं. शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचून पाहिला, फार चांगला झाला आहे. वनमालाने स्वयंपाकघरातून विचारलं, कोण आलंय.

५ जून
भोपाळचं उत्तर आलं. दोन ओळी, त्याही छापील. 'आपके सुझाव के लिए धन्यवाद.' सुझाव! १९५६ साली या भोपाळवाल्यांनी आमच्या ग्वाल्हेरची राजधानी नेली आणि बदल्यात महालेखाकार कचेरी दिली. त्या कचेरीतून रमाकांत निघाला. इतिहास असा सूड घेतो.

८ जून
पडावला, स्टेशनसमोरच्या हॉटेलांच्या मागे, कान्होजीचं दुकान आहे. पोरगा आपला आहे, पण मराठी अर्धी हिंदी. मी त्याला त्यावरून डांटलं. तो गाड्यांना लॅपटॉप जोडतो आणि इंजिनाच्या कंप्युटरमध्ये नवा मॅप, म्हणजे ताकदीचं नवं गणित, भरतो. याला स्टेज वन म्हणतात.

त्याने आधी दोन गोष्टी सांगितल्या. एक, कंपनीला कळलं तर वॉरंटी गेली समजा. दोन, या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नाजूक आहे, त्यातला क्लच वाढीव ताकद फार दिवस झेलत नाही, तेव्हा सर, सिग्नलवरून पळवापळवी बिल्कुल नको. मी त्याला विचारलं की भीतीच्या पायावर कोणतं स्वातंत्र्य उभं राहिलं आहे? दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, तीही ऐकत राहिली. कान्होजी म्हणाला, ठीक है सर, तुमची मर्जी.

मॅप भरला. इंजिन मुक्त झालं.

वनमालाला योग्य वेळी सांगायचं. वॉरंटीवर तिचा गाडीपेक्षा जास्त जीव. वाढीव वॉरंटीसुद्धा तिने हौसेने घेतली, पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली आहे. दिवाळीनंतर तिला झाशीच्या बहिणीला, पद्माताईंना, घेऊन ओरछा आणि खजुराहोला जायचं आहे. स्वतः गाडी चालवत. दोघी बहिणी लग्नाआधीपासून ठरवताहेत म्हणे. जाऊ देत की. आता तर आणखी लवकर पोचतील.

९ जून, सकाळ
रमाकांतला गाठलं आणि मागे टाकलं. सिग्नलवरूनच. तो दूध आणायला चालला होता आणि शर्यत आहे हे त्याला माहीत नव्हतं, असं तो नंतर म्हणाला. विजय तो विजय.

११ जून
पुन्हा विजय.

६ जुलै
वनमाला म्हणाली, पेट्रोल फार लागतंय हल्ली. मी तिला पेट्रोलमध्ये काय काय मिसळतात, त्यामागचं राजकारण काय, याबद्दल समजावून सांगितलं. जेवण होईपर्यंत. ती ताटं उचलून आत गेली. पटलं.

संकल्प: उद्यापासून सिग्नलवर संयम.

७ जुलै
रमाकांतनेच आधी वेग वाढवला.

२२ जुलै
ऐतिहासिक दिवस. कंपनीने झोनांची पुनर्रचना केली. ग्वाल्हेर भोपाळमधून काढून पुणे झोनमध्ये विलीन केलं. पडावच्या शोरूमचे सर्व्हिस मॅनेजर जयसिंहराव यांनी स्वतः फोन करून सांगितलं. ते माझ्या भाषणांचे जुने चाहते. मी गेलं वर्षभर याच मागणीसाठी कंपनीला ईमेल पाठवत होतो. जयसिंहराव म्हणतात, अशी पुनर्रचना साऱ्या देशभर झाली, आपला नंबर त्यात लागला. त्यांना आतलं माहीत नसणार.

आता आमचं गाऱ्हाणं आमच्या भाषेत, आमची माणसं ऐकतील. कॉलनीत पेढे वाटले. रमाकांतने दोन घेतले.

१९ ऑगस्ट
पहिल्या गिअरमध्ये गाडी हिसके देते. पावसाने रस्त्यांची जी चाळण केली आहे, तिचा हा परिणाम. नगर निगमला पत्र लिहिलं पाहिजे.

२७ ऑगस्ट
हिसके वाढले. नगर निगमला पत्र लिहिलं.

१२ सप्टेंबर
नया बाजारातल्या मंडळाच्या गणेशोत्सवात माझं व्याख्यान झालं. विषय 'विलीनीकरण: मिळवलं काय, गमावलं काय', म्हणजे १९४८ सालचं ग्वाल्हेर संस्थानाचं. सभागृह भरलं होतं. वनमाला नव्हती, ती पद्माताईंकडे झाशीला गेली आहे.

पूर्वार्ध उत्तम झाला. 'विलीन होणं म्हणजे विरघळणं नव्हे' या वाक्यावर पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. पण मध्येच लोक पेंगू लागले. पंखे बंद पडले होते. अशा वेळी वक्त्याने ताजं, जिवंत उदाहरण द्यायचं असतं. दिलं. एका नागरिकाने आपल्या गाडीच्या इंजिनावरचा कंपनीचा लगाम स्वतःच्या हाताने कसा तोडला, ते सांगितलं. एकदम टाळ्या. मागच्या बाजूची पोरं उभी राहिली. कुणीतरी शिट्टी मारली. गेल्या दहा वर्षांत मला शिट्टी मिळाली नव्हती.

मंडळाच्या चिटणीस सुमनताई सारं भाषण यूट्यूबवर टाकणार आहेत.

१८ सप्टेंबर
वनमाला चौदालाच परत आली. विचारलं, भाषण कसं झालं. म्हटलं, लोकांना आवडलं. ती म्हणाली, ऐकलं मी. सुमनताईंनी सांगितलं असणार, टाळ्यांबद्दल.

तेव्हापासून ती भाजीला टेम्पोने, म्हणजे इथल्या शेअर रिक्षाने, जाते. म्हणते, पाय मोकळे होतात. टेम्पोत पाय कसे मोकळे होतात, हे तिलाच ठाऊक. आज रात्री जेवताना विचारत होती, गाडीबद्दल मला काही सांगायचं आहे का. मी तिला पुण्याच्या विलीनीकरणाचे फायदे सांगितले.

२९ सप्टेंबर, दुपार
पडावच्या पुलावर, चढावर, गाडी मेली. इंजिन गर्जतंय, चाकं हलत नाहीत. समोर पडद्यावर लाल अक्षरांत गिअरबॉक्सची सूचना. मागे टेम्पोंची रांग. एक टेम्पोवाला म्हणाला, 'चाचा, टर्बो उतार के धक्का लगाओ.' मी खाली उतरून त्याला नागरी कर्तव्यांविषयी दोन शब्द सांगितले. हॉर्न इतके वाजले की दुसरा शब्द कुणाला ऐकू गेला नाही.

धक्का कोणी मारला? रमाकांतने. चपलेत. तो कुठून उगवला देव जाणे. वर विचारतो, अरे गोपाळकृष्णा, गाडी बरी आहे ना?

कान्होजीला बोलावलं. त्याने रस्त्याच्या कडेला लॅपटॉप लावून कंपनीचा मूळ मॅप परत घातला. म्हणाला, सर, मी बोललो होतो. म्हटलं, तू हिंदीत बोलला होतास.

टो करून गाडी शोरूमला. आता गाडी कोरी आहे. कंपनीला काहीही सापडणार नाही. आणि नैतिकदृष्ट्या मी निर्दोष आहे, कारण इतका दुबळा गिअरबॉक्स त्यांनीच बनवला.

१ ऑक्टोबर
शोरूम. जयसिंहरावांनी उठून नमस्कार केला. गाडी तपासली, कंप्युटरमध्ये काही आलं नाही. क्लच जळला आहे, गिअरबॉक्स बदलावा लागेल. वॉरंटीत बसतंय सर, म्हणाले, फक्त पुण्याची मंजुरी हवी. नवी माणसं आहेत, आपल्याला ओळखत नाहीत.

मी म्हटलं, मग ओळख करून द्या. ते म्हणाले, सर, क्लेमसोबत तुमच्या त्या भाषणाची लिंक जोडू का? ग्राहक कोण आहे हे त्यांना कळेल. विलीनीकरणावर तर आहे, पुणेकर खूष होतील.

मी विनयाने म्हटलं, हरकत नाही.

वनमालाला सांगितलं, कंपनीचा दोष, कंपनी भरून देणार, ओरछ्याआधी गाडी दारात. तिने हातातली भाजी निवडून संपवली. मग म्हणाली, बरं.

७ ऑक्टोबर
भाषणाला पुण्यातून श्रोते वाढलेत, असं सुमनताई म्हणतात. आपली माणसं ती आपली माणसं.

१० ऑक्टोबर
मनात एक बारीक शंका. उदाहरण मी तृतीयपुरुषीच दिलं होतं, अशी माझी पक्की आठवण आहे. 'एक नागरिक.' ऐकून खात्री करून घ्यावी का? नको. स्वतःचं भाषण स्वतः ऐकणं हा उथळपणा.

१६ ऑक्टोबर
पुण्याहून फोन. वॉरंटी विभागाच्या प्रमुख, विमल ताम्हाणे. शुद्ध, सुरेख मराठी. त्यांनी भाषण दोनदा ऐकलं आहे. वडिलांनाही ऐकवलं, ते मूळचे उज्जैनचे. वडील रडले म्हणे. मी म्हटलं, ही सारी आपल्या लोकांची कृपा. पाणी प्यायलो. मग त्या म्हणाल्या:

'पण सर, उत्तरार्धात तुम्ही स्वतःच म्हणता, "मी, गोपाळकृष्ण, माझ्या गाडीचा लगाम पडावच्या बाजारात, दिवसाढवळ्या तोडून आलो आहे, आणि कंपनीत हिंमत असेल तर तिने मला जाब विचारावा." तर मी विचारते आहे.'

मी म्हटलं, ते रूपक होतं.

त्या म्हणाल्या, 'रूपकात तुम्ही गाडीचा नंबरही सांगितला आहे.'

क्लेम नामंजूर. उरलेली वॉरंटीही इंजिन आणि गिअरबॉक्सपुरती रद्द. शेवटी म्हणाल्या, 'विलीन होणं म्हणजे विरघळणं नव्हे' हे मात्र फार आवडलं. तेवढ्यापुरता मी धन्यवाद म्हणालो.

भोपाळ परवडलं असतं. भोपाळला मराठी कळत नव्हती.

त्याच दिवशी, संध्याकाळ
भाषण ऐकलं. 'एक नागरिक' हे शब्द त्यात कुठेही नाहीत. नंबर दोनदा सांगितला आहे. दुसऱ्यांदा सांगितला तेव्हाच शिट्टी वाजली.

१७ ऑक्टोबर
वनमालाला सांगायचं ठरवलं. पार्श्वभूमी म्हणून १९४८ पासून सुरुवात केली. तिने मटार सोलता सोलता हात वर केला, वर्गात पोरांना गप्प करायची तसा.

'सुमनताईंनी मला दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन केला होता. अभिनंदन करायला. तुमचे यजमान किती निर्भीड आहेत म्हणून.'

मी विचारलं, मग तू इतके दिवस बोलली का नाहीस?

'तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते.'

आणि ती मटार सोलत राहिली. मला एकही वाक्य सुचेना. वक्त्याच्या आयुष्यात असे प्रसंग येतात.

२१ ऑक्टोबर
नवा गिअरबॉक्स परदेशातून येणार. केव्हा, ते कुणी सांगत नाही. गाडी शोरूमच्या मागच्या आवारात, टायरांवर धूळ. जयसिंहराव नजर चुकवतात. मला दिसतात तेव्हा मीही चुकवतो. वनमालाने वॉरंटीची पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीसकट आणून माझ्या पुस्तकांच्या कपाटात ठेवली. राज्यशास्त्राच्या फळीवर.

संकल्प: कंपनीविरुद्ध ग्राहक मंचात जायचं. पुरावा म्हणून काय द्यायचं, याचा विचार चालू आहे. भाषण देता येत नाही.

९ नोव्हेंबर, सकाळ
वनमाला ओरछ्याला निघाली. रमाकांतने स्वतःची गाडी दिली. मी हरकत घेतली, की विजेवरची गाडी चढावर दम तोडते, चार्जिंग मिळत नाही, शिवाय तत्त्वाचा प्रश्न आहे. रमाकांतने झाशीतली चार्जिंगची जागा दाखवली. तत्त्वाच्या प्रश्नावर कुणीच काही बोललं नाही.

झाशीतून पद्माताईंना घेणार. डिकीत दोघींच्या शिदोरीचा डबा, चादरी, मोरेन्याचा तिळाचा गजक. वनमाला चालवायला बसली, आरसा नीट केला, पट्टा बांधला. मागची सीट पूर्ण रिकामी होती. तिने काच खाली केली आणि विचारलं, येताय का?

मी म्हटलं, त्या गाडीत मी बसणार नाही.

ती म्हणाली, बरं.

मी उत्तराचं पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं. ती पुन्हा विचारेल, आणि मग मी मोठ्या मनाने... पण गाडी निघालीसुद्धा. आवाज नाही, धूर नाही. वळणावर पोचल्यावर तिने हात हलवला.

रमाकांत शेजारी उभा होता. त्यानेही हलवला. मग मीही.