कारध्याची बावीस मिनिटे

१९ एप्रिल २०२५, शनिवार

श्यामरावांनी लिहिले आहे : "दि. १६ मे २०२२ रोजी ताईला दिघोरीहून भंडाऱ्याला दवाखान्यात नेत असताना भाऊजींची खटारा गाडी कारध्याच्या पुलाच्या मधोमध बंद पडली व दीड तास तशीच उभी राहिली."

एका वाक्यात चार चुका. तारीख सोळा नव्हे, सतरा. गाडी पुलावर पोहोचलीच नव्हती. पुलाच्या अलीकडे, कारध्यात, रस्त्याच्या डाव्या कडेला उभी होती. दीड तास नव्हे, बावीस मिनिटे — घड्याळ माझ्या मनगटावर होते. आणि माझी अँबॅसॅडर खटारा नव्हती.

श्यामराव म्हणजे रुखमिणीचे धाकटे बंधू. येत्या १८ मे रोजी तिचे तिसरे स्मरण आहे. त्यासाठी ते चार पानांची पत्रिका छापत आहेत. "भाऊजी, तुम्ही मराठीचे मास्तर. जरा शुद्धलेखन पाहून देजा," असे म्हणून कागद ठेवून गेले. मी शुद्धलेखन पाहिले आणि मजकूरही. वरील वाक्य खोडून त्या जागी लिहिले : "रेडिएटरमधील पाणी निघण्यापूर्वी तपासलेले नसल्यामुळे गाडी तापली व बावीस मिनिटे थांबावे लागले."

नाव घातले नाही. नाव सर्वांना ठाऊक आहे. तेराव्या दिवशी मांडवात, साठ माणसांसमोर, मी ते स्पष्ट उच्चारले होते. प्रफुल्ल, माझा एकुलता मुलगा; त्या दिवशी तोच गाडी चालवत होता. तो मान खाली घालून बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला निघून गेला. त्यानंतर तीन वर्षे त्याने हा उंबरठा ओलांडलेला नाही. महिन्यातून एकदा फोन करतो. प्रकृती विचारतो. ठेवतो.

२१ एप्रिल, सोमवार

गाडीवरचा ठपका नुसते वाक्य खोडून जाणार नाही. १८ तारखेला पाहुणे जमतील तेव्हा गाडी सुस्थितीत दारासमोर उभी असावी, म्हणून तीन वर्षांनी ती पडवीतून बाहेर काढली. नवी बॅटरी बसवून घेतली. पाणी स्वतःच्या हाताने गळ्यापर्यंत भरले. लाखांदूरला गेलो. मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. बाजाराच्या गर्दीत मात्र बैलाच्या चालीने जावे लागले, आणि दहा मिनिटांत काटा लाल रेघेवर!

पाणी भरलेले असताना.

२२ एप्रिल, मंगळवार

गाडी सदतीस वर्षांची आहे. वयाने तापणारच.

२६ एप्रिल, शनिवार

कारध्याला कैलाशच्या गॅरेजात जाऊन आलो. जुन्या गाड्यांना हात लावणारा या बाजूला तेवढाच एक उरला आहे. त्या दिवशी दोन डबे पाणी घेऊन धावत आला होता तोही हाच. रेतीचा ट्रक रस्त्यात आडवा झाला होता, वाहने मुंगीसारखी सरकत होती आणि आमच्या बॉनेटमधून वाफ निघू लागली होती. मी मागच्या आसनावर होतो. रुखमिणीचे डोके माझ्या मांडीवर. वर्तमानपत्राची घडी करून मी तिला वारा घालत होतो. उघडलेल्या बॉनेटमागे कैलाश आणि प्रफुल्ल काही बोलत होते. मला ते ऐकू आले नाही. कैलाशने दोन्ही डबे रेडिएटरमध्ये रिकामे केले एवढे दिसले. दोन डबे मावतात म्हणजे आत पाणी नव्हते, हा माझा निष्कर्ष.

आज त्याने विचारले, "चालतानी नाई, उभी रायली की गरम होते?"

"होय. आणि पाणी काठोकाठ असते."

त्याने बॉनेट उचलले, आत टॉर्च धरला आणि लगेच विझवला.

"इलेक्ट्रिक पंखा टाकून देऊ, गुरुजी. जुना काढूनच टाकू."

कारण सांगितल्याशिवाय मी संमती देत नाही, हे मी त्याला सांगितले.

"देतो ना जी कारण. माया मोठ्या भावाले तुमी कारण नाई सांगितलं म्हणून दिवसभर बाकावर उभं केलं होतं. घरी सारे घाबरूनच असते तुमाले." मग त्याने नीट सांगितले. जुना पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन मंद, तर पंखाही मंद. नेमकी गाडी उभी असताना हवा कमी पडते. विजेचा पंखा बॅटरीवर फिरतो. पाणी ठरावीक तापले की आपोआप सुरू होतो, निवले की थांबतो. त्याला इंजिनाशी देणेघेणे नाही.

विवेचन सुसंगत होते. संमती दिली.

३ मे, शनिवार

दिवसभर गॅरेजात स्टुलावर बसून होतो. जुना पंखा निघाला. छोट्या गाडीचा दुसऱ्या हाताचा विजेचा पंखा लोखंडी पट्ट्यांवर रेडिएटरच्या मागे बसला. वरच्या नळीत उष्णता ओळखणारा स्विच, बॅटरीपासून निराळी वायर, मध्ये फ्यूज.

मग कैलाशने माझ्या हातातले वर्तमानपत्र मागितले. एक पान फाडून रेडिएटरच्या समोर, जाळीला लावून धरले आणि पंखा सुरू केला. पान उडून थेट माझ्या तोंडावर आले.

"पाहा. उलटा फिरून रायला."

दोन वायरी अदलाबदल करून त्याने पुन्हा पान धरले, हात सोडला. पान जाळीला चिकटून राहिले.

"आता बराबर. हवा समोरून आत ओढाले पायजे. पंखा काय, दोन्हीकडून सारखाच दिसते. कागदाले इचारल्याबिगर समजत नाई."

निघताना मी जुना पंखा मागितला. काढलेला प्रत्येक भाग मालकाच्या स्वाधीन करावा अशी रीत आहे आणि मी ती आयुष्यभर पाळायला लावली आहे. कैलाशने तो आधीच भंगाराच्या पिंपात, खाली, टाकून दिला होता.

"कायले नेता, गुरुजी? लोखंड हाय नुसतं."

"माझे लोखंड आहे."

त्याने तो पोत्यात गुंडाळून डिकीत ठेवला. डिकीवर हात ठेवून थोडा थांबला. "धुऊ गिऊ नका बरं. हात काळे होईन."

परतताना पालांदूरजवळ वरातीमागे अर्धा तास रांगावे लागले. काटा लाल रेघेकडे सरकताच पुढे घरघर ऐकू आली आणि काटा मागे आला. घरी पडवीत इंजिन बंद केल्यावरही पंखा मिनिटभर फिरत राहिला. तो थांबेपर्यंत मी बसून होतो. ही असती तर म्हणाली असती, "उतरा आता, तो काय तुमाले इचारून थांबन का?"

५ मे, सोमवार

जुना पंखा रॉकेलने धुतला.

तेलकट काळा थर निघाल्यावर एका अंगाला, मध्यभागाशी, ठोकलेली अक्षरे दिसली : फ्रंट. म्हणजे हे अंग पुढे, रेडिएटरकडे, असावयास हवे. त्याच अंगावर बशीएवढा एक चकचकीत गोल आहे. पाण्याच्या पंपाची चकती वर्षानुवर्षे घट्ट टेकल्यावर जो उमटतो तो. पंप असतो मागे, इंजिनाकडे.

जे अंग पुढे हवे होते ते मागे टेकलेले होते.

मी ते तीनदा पडताळले. एका बाजूस अक्षरे आणि गोल. दुसऱ्या बाजूस बोल्टच्या चार खुणा. दुसरा अर्थ निघत नाही. असा पंखाही हवा आतच ओढतो, परंतु पाती पालथी असल्यामुळे फार थोडी. मोकळ्या रस्त्यावर वारा ती उणीव भरून काढतो. गर्दीत भरून काढणारे कोणी नसते.

२०२० ची रोजनिशी काढली. १२ जून, शुक्रवार : "गॅरेजे बंद आहेत. पाण्याचा पंप आज स्वतः बदलला. प्रफुल्ल म्हणत होता, मेकॅनिक येऊ द्या. कोणाचीही मदत घेतली नाही. रुखमिणी शेजारीपाजारी सांगत सुटली आहे."

पंप बदलायचा तर पंखा काढावाच लागतो. आणि परत बसवावा लागतो.

६ मे, मंगळवार

आज लिहिण्यासारखे काही नाही.

वरील वाक्य असत्य आहे.

९ मे, शुक्रवार

दोन डबे पाणी मावले, कारण आधीचे पाणी उकळून बाहेर गेले होते. हे सातवीतल्या मुलाला कळले असते. गाडी तापली म्हणून पाणी कमी झाले. पाणी कमी होते म्हणून गाडी तापली नाही. मी परिणामाला कारण म्हटले आणि त्यावर मुलाला शिक्षा दिली.

तो कारध्यातच म्हणाला होता, "बाबा, सकाळीच पाहिलं होतं पाणी. फुल होतं." मी म्हणालो होतो, "खोटे बोलू नकोस." त्याच्या आईच्या देखत. ते तिने ऐकलेले आमच्या दोघांमधील शेवटचे बोलणे.

पंखा पोत्यात आहे. शेतातली विहीर खोल आहे. कैलाश बोलणार नाही. पत्रिका १४ तारखेला छापावयास जाईल आणि तीत माझ्या हातचे वाक्य आहे. मी काहीही न केल्यास ते तसेच राहील. हे सर्व मी काल दिवसभर मनात घोळवले. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर नाकारता येणार नाही.

सायंकाळी नातीचा, खुशबूचा, फोन आला. "आबाजी, गाडी चालू केली म्हणते! बाबांनी विचारायला सांगितलं, जुना पंखा काढून टाकला ना?" मी होय म्हटले. "मग भंगारात देऊन टाका म्हणे, घरी नका ठेवू." प्रफुल्लला गाडीच्या पंख्याची एवढी काळजी का, ते मला समजले नाही.

१२ मे, सोमवार

पत्रिकेतील वाक्य बदलले. प्रथम लिहिले : "पंखा उलटा बसला होता." वाचले. पंखे आपण होऊन बसत नाहीत. खोडले. "पंखा मी उलटा बसवला होता."

श्यामराव वाचून उठूनच उभे राहिले. "भाऊजी, हे कायले छापता? ताईच्या स्मरणाच्या दिवशी? लोक काय म्हणतीन?"

"मे महिन्याची सोळा तारीख मी दुरुस्त केली तेव्हा तुमची हरकत नव्हती."

"तारखेचं वेगळं, भाऊजी. झालं गेलं वैनगंगेले मिळालं. प्रफुल्लही विसरला असन."

"तो विसरला असता तर घरी आला असता."

ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. शेवटी ठरले, पत्रिकेत गाडीचा उल्लेखच नको. मी निराळे शुद्धिपत्र लिहीन आणि १८ तारखेला मांडवात, त्याच माणसांसमोर, स्वतः वाचीन. त्याची प्रत आज प्रफुल्लला पाठवली. सोबत एक ओळ : "यात काही चूक असल्यास कळव."

१४ मे, बुधवार

उत्तर नाही.

१५ मे, गुरुवार

उत्तर नाही. गाडी सुरू करून पडवीत अर्धा तास उभी ठेवली. पंखा तीनदा सुरू झाला, तीनदा थांबला. काटा जागेवर.

१७ मे, शनिवार

दुपारी चारच्या बसने प्रफुल्ल आला. पिशवी खाली न ठेवता आधी पडवीत गेला, बॉनेट उचलून नवा पंखा पाहिला. मग खिशातून माझे शुद्धिपत्र काढले. "एक तारीख चुकली, बाबा," म्हणाला आणि माझ्याजवळ पेन मागितले. लिहून झाल्यावर कागद परत देताना एवढेच बोलला : "'पंप यायनं सोता बसवला,' म्हणून आई तुमचं साऱ्या गावाले सांगत होती. तिच्यासमोर कसं म्हणू? आन् मंग ती नव्हती."

उद्या वाचावयाचे शुद्धिपत्र, सुधारून :

१२ जून २०२० : पाण्याचा पंप मी बदलला. पंखा मी उलटा बसवला.

१७ मे २०२२ (१६ नव्हे) : निघण्यापूर्वी प्रफुल्लने पाणी तपासले होते. ते भरलेले होते. कारध्यात, पुलाच्या अलीकडे, दुपारी १.१२ ते १.३४, बावीस मिनिटे.

१८ मे २०२२, पहाटे ४.१० : रुखमिणी गेली. त्या बावीस मिनिटांविषयी डॉक्टर काहीही बोलले नव्हते. मी बोललो.

३० मे २०२२ : या मांडवात मी प्रफुल्लला दोष दिला. तो चुकीचा होता.

५ मे २०२५ : "या दिवसापर्यंत पंख्याची चूक घरात कोणालाही ठाऊक नव्हती," असे मी लिहिले होते. ते खोडले आहे. कैलाशने ती प्रफुल्लला बॉनेटमागे दाखवली होती — १७ मे २०२२, दुपारी १.२०.