रिकामी सम

मेलवीथी, तंजावूर
१८ फेब्रुवारी १९९६

प्रिय अखिला,

तुझं पत्र परवा पोचलं. तुझ्या आईने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि डब्यात ठेवलं. मी ते गुपचूप काढून आणखी चारदा वाचलं. तुझं मराठी आता अगदी पुणेरी झालंय बघ. माझं हे तंजावरी मराठी वाचून तुमच्याकडचे हसतील, हसू देत. फोनच केला असता, पण बूथच्या काचेला नाक लावून चार माणसं उभी असतात आणि मला जे बोलायचंय ते त्यांच्यासमोर बोलण्यासारखं नाही. रास्ता पेठेत भरतनाट्यम शिकवणाऱ्या बाईंना मृदंग वाजवणारं माणूस हवंय, त्यांनी तुला विचारलं, आणि तू होळीनंतर त्यांना नकार कळवणार आहेस. कारण काय, तर तू लिहितेस, 'माझ्या हातात लय नाही हे अप्पांनीच सांगितलंय.' अग, ते वाक्य वाचलं आणि मी जेवता जेवता ताटावरून उठलो. म्हणून आधी हे सगळं वाच, मग त्यांना काय ते कळव.

राजगोपाल आठवतो का, राजवाड्यामागच्या गल्लीतला, नायजेरियात गणित शिकवायला गेलेला? अकरा वर्षांनी परतला. लोक परदेशातून सोनं आणतात, टीव्ही आणतात. या शहाण्याने दोन पेट्या भरून रेकॉर्डी आणल्या. मला दुपारच्या कॉफीला बोलावलं आणि एक रेकॉर्ड लावली. पहिल्या दिवशी मी कानांवर हात ठेवून घरी आलो. तुझी आई म्हणाली, बरं झालं, म्हातारपणी थेरं नकोत. दुसऱ्या दिवशी पाय आपोआप तिकडेच वळले.

आफ्रोबीट म्हणतात त्याला. एकच गाणं, रेकॉर्डची अख्खी बाजू पुरतं. मी सवयीने मांडीवर आदितालाच्या आठ मात्रा मोजायला लागलो. चार जण चार निरनिराळ्या ठिकाणी वाजवतात, कुणी कुणाच्या पायात येत नाही, आणि अठरा मिनिटांत ड्रमवाल्याची लय केसभर हलत नाही! पन्नास वर्षं मृदंग वाजवतोय मी, मला नसतं जमलं, खरं सांगतो. मग त्याने क्यूबाकडची एक लावली. दोन लाकडी दांडक्यांवर पाच ठोके, बस्स, तेवढ्यावर पंधरा माणसांचा संसार उभा. मग एक अमेरिकन गायिका, त्या प्रकाराला सोल म्हणतात. तिने एकच ओळ सात-आठ वेळा घेतली, दर वेळी वेगळी, आपण निरवल करतो तशी. मला इंग्रजी धड येत नाही, पण ती कुणाला तरी जाऊ नकोस म्हणतेय हे कळायला इंग्रजी कशाला हवं? डोळे भरून आले माझे. राजगोपाल हसला नाही, हे त्याचे उपकार.

आणि मग माझी फजिती ऐक. एके दिवशी त्याने जमैकाची रेकॉर्ड लावली, रेगे. मी मोजतोय, तर समेवर ठोकाच नाही! प्रत्येक आवर्तनात पहिली मात्रा गायब. मी म्हटलं, राजगोपाला, तुझी सुई झिजलीय, बरोबर समेवर उडी मारते. त्याने रेकॉर्ड पुसली. मी म्हटलं, सुई बदल. तो बिचारा तिरुचीला जाऊन नवी सुई घेऊन आला. परत तेच. तेव्हा तो शांतपणे म्हणाला, अण्णा, ते मुद्दाम सोडतात. सगळ्यांना माहीत असतं सम कुठे आहे, मग वाजवायची कशाला? मी ती पुन्हा लावायला सांगितली. डोळे मिटून ऐकलं, तर त्या रिकाम्या जागेत माझंच डोकं हललं. जी मात्रा वाजलीच नाही तिने मला डोलवलं, अखिला! आणि त्याच क्षणी मला तू दिसलीस.

चौदा वर्षांची होतीस. कुंभकोणचे व्यंकटरमण भागवत आपल्या घरी गायला बसले होते, मला ताप होता म्हणून मृदंगावर तुला बसवलं. तू तिसऱ्या गाण्यात समेवर हात उचललास आणि खाली आणलाच नाहीस. एकदा नाही, दोनदा. सगळ्यांसमोर मी ओरडलो, सम गिळलीस! तू म्हणालीस, मी मुद्दाम ठेवली रिकामी, छान वाटली. शास्त्र सोडून बोलतेस म्हणून मी आणखी भडकलो. आठवड्याभरात तुझं मृदंगाचं शिक्षण बंद केलं. पोरीला कुणी सुचवलं होतं ते? जमैका नकाशात कुठे आहे हे आपल्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

गेल्या महिन्यात राजगोपाल मला मद्रासला घेऊन गेला. उघड्या मैदानात कच्चेरी, तुमच्याकडे मैफल म्हणतात ती, पश्चिम आफ्रिकेतून आलेला ताफा. आपल्यासारखं खाली बसणं नाही, सगळे उभे. मधोमध साधारण तुझ्या आईच्या वयाची एक बाई, तिच्यापुढे तीन उंच ढोल. बारा पुरुष तिच्या हाताकडे बघत वाजवत होते. बाईमाणसाच्या हाताला मृदंग सोसत नाही असं मी जन्मभर सांगत आलो ना? तिचा हात पडला की माझ्या बरगड्या वाजत होत्या. मग तिने दोन्ही हात वर नेले, समेवर ते तसेच राहू दिले, आणि हजारो माणसं श्वास रोखून थांबली. असं मी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, आपल्याच घरात. मी तिथेच रडलो. राजगोपालला वाटलं, आनंदाने.

आता खरं सांगतो, हे तुझ्या आईलाही माहीत नाही. त्या दिवशी मी रागावलो, तो राग दोन दिवसांत उतरला होता. तिसऱ्या दिवशी तू पुन्हा मृदंग घेऊन बसलीस आणि मी शिकवलंही. सातव्या दिवशी भागवतांचं कार्ड आलं. रामनवमीला कुंभकोणला त्यांच्या साथीला यायचं निमंत्रण होतं. वीस वर्षं मी त्या निमंत्रणाची वाट बघत होतो. ते मला नव्हतं, तुला होतं. नावानिशी. 'समेवर हात उचलणारी ती मुलगी पाठव,' असं लिहिलं होतं. मी, तुझा बाप, तुझा गुरू, पोटच्या पोरीवर जळलो. त्यांना उत्तर लिहिलं की मुलीने वाजवणं सोडलंय. ते पोस्टात टाकून घरी आलो. तू ओसरीवर सराव करत होतीस. मी समोर बसलो आणि तुला म्हणालो, तुझ्या हातात लय नाही.

तुझाच, अजून म्हणू देशील तर,
अप्पा