अर्ध्या लिटरची रेघ

बा, मागच्या आठवड्यात तुझी पेट्रोल मोजायची बाटली धुतली. तू गेल्यापासून ती गॅरेजच्या फळीवर तशीच होती, ग्रीस आणि धुळीचा थर अंगावर घेऊन. धुवायला कारण झालं पुसदच्या एका डॉक्टरांची गाडी. जुनी परदेशी, लांब नाकाची, आठ सिलिंडरची; त्यात त्यांनी इंजिन आणखी ताकदीचं करून घेतलेलं. दारव्ह्यात आपल्या गॅरेजला आणली तेव्हा जीपवाले सवाऱ्या सोडून बघायला आले. सपाटीवर तिला कोणी गाठत नाही, पण पुसदच्या घाटात पूर्ण दाबली की धापा टाकते आणि बंद पडते. तिसऱ्यांदा ओढून आणावी लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ताई, रविवारी घाट चढली तर ठेवतो. नाही तर नागपूरचा एक जण सुट्या भागांसाठी मागतोय." ते मला लागलं. पेट्रोल पोचत नाही एवढ्यासाठी धडधाकट इंजिनाचे तुकडे व्हावेत, हे मला कधीही मान्य होणार नाही.

पेट्रोलचा पंप कमी पडतोय हे गॅरेजातल्या तुझ्या जोडीदारानं, आपल्या काकांनी, पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. नवा कोणता घ्यायचा, एवढाच प्रश्न. मी चळवळीत जन्मभर सभा गाजवल्या, बा; शंका घेत बोलणं मला जमत नाही. खोक्यावर सर्वांत मोठा आकडा असलेला पंप मागवला आणि कमी घेणं म्हणजे भेकडपणा, असं काकांना पंधरा मिनिटं ऐकवलं. पंप बसवून चालू केला, तर कार्बोरेटरमधून पेट्रोल उतू जायला लागलं. तो पंप इंजेक्शनच्या, म्हणजे जोरानं पेट्रोल फवारणाऱ्या, नव्या गाड्यांचा. त्याचा दाब कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी सुई झेलूच शकत नव्हती. काकांनी धावत जाऊन स्विच बंद केला आणि हात पुसत म्हणाले, "पोरी, तुह्या भाषणानं आज गॅरेज पेटलं असतं. तुह्या बानं खोकं वाचून पंप घेतलता काय कधी?"

नव्हता. मला तुझं अंगण दिसतं. तू पंप बॅटरीला जोडतोस, नळीवर चिमटा कसून पेट्रोलची वाट आवळतोस, प्रेशर गेजकडे बघतोस आणि नळीचं तोंड बाटलीत धरून सेकंद मोजतोस. "मोकळ्या नळीत कोनताबी पंप लय बोलते," तू म्हणतोस, "दाबाखाली किती देते ते पाह्य." आपले पूर्वज बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरले, आणि बैल विकत घेताना त्याला चढावर चालवून बघत, हेही तूच सांगायचास. शाळेत भाषणाचं पहिलं बक्षीस आणलं तेव्हा तू एवढंच म्हणालास, "चांगलं होतं, पन मोकळ्या नळीचं." मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. पुढे मोर्चात पोलिसांच्या लाठीच्या सावलीत उभी राहून बोलले तेव्हा तुझं म्हणणं कळलं.

तो पहिला पंप परत गेला. काकांनी कार्बोरेटरला सोसेल अशा दाबाचे दोन पंप आणले, एक मध्यम आणि एक मोठा. या इंजिनाला दाबाखाली दहा सेकंदांत अर्धा लिटर हवं. मध्यम पंप बाटलीवरच्या रेघेला एक बोट कमी पडला. मग मोठा घ्यावा, तर तो जास्तीचं पेट्रोल परत टाकीत फिरवत बसणार, आणि आपल्या यवतमाळच्या उन्हात तापून त्याची वाफ झाली की गाडी पुन्हा घाटात अडणार. नीट बघावं म्हणून बाटली धुतली, तर काचेवर एक नाही, दोन रेघा निघाल्या.

वरची माझी. ती बाटली मुळात सरबताची. तुझी खरी बाटली सलाईनची होती, खुणा छापलेली. मी आठवीत असताना गॅरेजात भाषणाचा सराव करत होते. हात फेकला आणि ती फळीवरून खाली आली. काचा झाडल्या, ही बाटली ठेवली, हॅकसॉच्या पात्यानं अंदाजे रेघ ओढली. संध्याकाळी तू विचारलंस, मी म्हटलं, मांजरानं पाडली. तू नवी बाटली उजेडात धरलीस. "लय शहानं मांजर हाय," म्हणालास, "काच बी झाडून गेलं." विषय संपला. मला वाटलं, मी जिंकले.

खालची रेघ तुझी, बारीक आणि सरळ. घरातलं मापाचं भांडं आणून पाणी ओतलं. पाणी तुझ्या रेघेला बरोबर टेकलं. इतकी वर्षं तू माझी रेघ पुसली नाहीस आणि तिच्यावर विसंबलाही नाहीस. मध्यम पंपही याच रेघेपर्यंत भरत होता, म्हणजे तो नेमका पुरेसा निघाला. तोच टाकीजवळ बसवला.

रविवारी गाडी घाट एका दमात चढली. वर पोचल्यावर डॉक्टरांना सांगितलं, पहिला पंप ही माझी चूक होती, काकांची नाही. ते हसले, "ताई, हे माईकवर म्हणाल का?" मी म्हटलं, बघू. काकांनी लगेच टोकलं, "डॉक्टरसाहेब, आता त्याच्यावरबी भाषण ऐका लागन."

हे कुठे पाठवणार? बाटली पुन्हा फळीवर ठेवली आहे, हा कागद तिच्याखाली राहील. लिहायचं एवढंच होतं, बा. त्या दिवशी गॅरेजात मांजर आलंच नव्हतं.