कोंबड्याला नारळ

३ मार्च
बायको बहिणीच्या बाळंतपणाला गेली. जाताना कोंबड्यांवर भाषण. खुडूक कोंबडी नव्या पिल्लांसकट डाल्याखाली झाकून ठेवलीय, तिला मी येईपर्यंत बाकीच्यांत सोडू नका म्हणाली. मी हसलो. ऑफिसात नव्या माणसांना टीममध्ये मुरवायचं काम वर्षानुवर्षं कोण करतंय? ती परत येईल तेव्हा अख्खं अंगण गुण्यागोविंदानं नांदत असेल. ठरलं.

४ मार्च, सकाळ
इंडक्शन सुरू. डालं उचललं. खुडूक थेट माझ्या तोंडावर. चष्मा फुटला, भुवईला टाके. डॉक्टरांनी मांजर का म्हणून विचारलं. हो म्हणालो. बाकी सुरुवात आश्वासक.

५ मार्च
आज हेल्मेट घालून. पांढरी (सगळ्यांत थोराड, बायकोची लाडकी) अगदी सभ्यपणे पुढे आली. एका पिल्लाला मानेला धरून उचललं, आपटलं. ओळख करून घेण्याची पद्धत असावी. खुडूक तिच्यावर तुटून पडली, मग सगळ्याच. पिसं, किंकाळ्या, रक्त. एवढ्यात आमचा कोंबडा, दादा, पंख पसरून मधोमध घुसला. लाथा, चोची. त्याचा तुरा फाटला, चोचीत पांढरीची पिसं. पिल्लं त्याच्या पोटाखाली थरथरत होती. दहशत, दुसरं काय! याच्यावर लक्ष ठेवायला हवं.

६ मार्च
एक पिल्लू गेलं. पाण्याच्या भांड्याशी पडलं होतं, डोकं फुटलेलं. दादा त्याच्यावरच उभा. पांढरीला जवळ येऊ देईना, मलाही नाही. उचलायला गेलो तर मनगट फोडलं. रंगेहाथ सापडला!
पिल्लू तळहातात मावूनही जागा उरत होती. जेवलो नाही.
बायकोचा फोन. सगळं मजेत आहे म्हणालो. हळूहळू मजेत होईलच.

७ मार्च
कडक निर्णय. खाटकाला बोलावलं. दादाने त्याची पोटरी फाडली, माझा अंगठा. झटापटीत मी डाल्यावर पडलो, डाल्याचा चुराडा. शेवटी पोत्यात घातला. भिंतीआड एकच घाव. मी पाहिलं नाही. आवाज आला. मांस खाटकालाच दिलं, मला ते नको होतं.
अंगण चिडीचूप. गुंड गेला की टीम सुधारते, हे मी मीटिंगमध्ये नेहमी सांगतो.

८ मार्च
कसली सुधारते! उजाडताच पांढरी आणि तिच्या दोन मैत्रिणी पिल्लांवर. झाकायला डालं नाही. खुडूक एकटी लढली, एक डोळा गेला. दोन पिल्लं मेली. उरलेली भिंतीकडे पळाली, दादा उभा असायचा त्या कोपऱ्यात, आणि तिथे कोणी नव्हतं.
मी झाडू घेऊन धावलो. पांढरी माझ्यावरच उलटली. तूर्तास निरीक्षण स्वयंपाकघराच्या खिडकीतून.
दादा असता तर त्यानेच हे केलं असतं. म्हणजे निर्णय बरोबरच.

१० मार्च
बायको आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच विचारलं, दादा कुठाय? मी सगळे पुरावे मुद्देसूद सांगितले: चोचीतली पिसं, पिल्लावर उभं राहणं, माझं मनगट.
ती पायरीवर बसली. म्हणाली, अहो, मारामारी सोडवणारा तेवढा एकच होता.
मी म्हणालो, त्याची पद्धत चुकीची होती. ती उठून खुडूकला घेऊन आत गेली. खुडूकच्या डोळ्याला हळद लावताना रडत होती. मी दारात उभा होतो. आत या म्हणाली नाही.

११ मार्च, दुपार
नवं डालं विणून मिळायला आठवडा लागेल. तोवर मी रजा वाढवायची, असं ठरलंय. माझं मत विचारलं गेलं नाही.
सकाळपासून अंगणात आहे. पांढरी पिल्लांकडे वळली की मी मध्ये. दोन्ही पोटऱ्या सोलल्यात. पिल्लं माझ्याजवळ येत नाहीत.
दमून जरा टेकलो, तर खिडकीतून बायकोचा आवाज. दादा कधी बसायचा नाही, म्हणाली.
उठलो.