तिसऱ्या अंकाचा गजरा

१ एप्रिल २००१, रविवार
सोनीच्या जुन्या वहीत कोरी पानं उरलीत, तीच वापरते. नात म्हणते, आजी, तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. असू दे. दुसरी पास बाई मी. मुंग्या रांगेत चालतात, हे काय थोडं झालं?
मोगरा आज दोन टोपल्या निघाला. ऊन चढलं की झाडाला नुसता चेव येतो. लेक बाळू पहाटेच फुलबाजारात गेला. सून सुरेखानं यांना पेज भरवली, अर्धी सांडली. दिवाळीच्या पाडव्याला यांचं उजवं अंग गेलं, पाच महिने झाले. वाचा पण गेली. एकच शब्द राहिला, "पुढं". तहान लागली तरी पुढं, माशी बसली तरी पुढं. डॉक्टर म्हणले, राहतो एखादा शब्द, कुठला ते सांगता येत नाही.
हा मूळचा माझा शब्द. माझ्याकडून यांच्याकडे कधी गेला…

३ एप्रिल, मंगळवार
नाटकवाल्यांचा फोन आला! सोनीनं उचलला. "आजी, गजरे पायजेत म्हणे रविवारी. नेहमीसारखे. अन् आजोबा कसे हायेत विचारतायत."
दर उन्हाळ्याला ही मंडळी नाशकात येतात, संगीत नाटक घेऊन. रविवारी दुपारी चारचा खेळ. तीस वर्षं हेमलताबाईच्या केसातला मोगरा आमच्या मळ्यातला. हेमलता म्हणजे नाटकातली राणी. तिचं काम करणाऱ्या बाया बदलल्या, दोनतीन तरी. मोगरा तोच.
मी एकदाही नाटक पाहिलं नाही. गजरे मी करायचे, हे सायकलवर पोचवायचे, विंगेत उभं राहून दोन अंक बघायचे अन् तिसऱ्याला परत फिरायचे. गंगेवरच्या देवळात सातच्या आरतीचे हार आमचेच ना! देव काय थांबतो होय. मग घरी आल्यावर मला बघितलेलं सगळं सांगायचे, गाण्यासकट. मी दोऱ्यात फुलं घालत बसायचे अन् म्हणायचे, पुढं?
"तुला नेतो पुढच्या साली," असं दर साली.

५ एप्रिल, गुरुवार
परत फोन आला. सोनीनं यांची तब्येत सांगितली, तर नाटकवाले म्हणले, वहिनींना पाठवा, दोन पास ठेवतो. सोनी नाचायला लागली. मी म्हणलं, डोकं फिरलं का, रविवारी हनुमान जयंती, हारांची किती गर्दी. सुरेखा काय म्हणली लिहून ठेवते, कारण सून असं रोज बोलत नाही. म्हणली, "आई, जा तुम्ही. हार मी अन् हे बघतो. बाबांजवळ मी बसते. तुम्ही नाय गेला तर मी चहा देणार नाय."
यांना विचारलं, "जाऊ का?" डोळे एकदम मोठे झाले. "पुढं," म्हणले. मग डाव्या हातानं चादर पुढं पुढं ढकलायला लागले, मला हाकलल्यासारखं. मी हसले. लय दिवसांनी हसले. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं.

७ एप्रिल, शनिवार
कळ्या उद्या सकाळी तोडायच्या. नाटकाची कळी कुठलीही चालत नाही. टपोरी पाहिजे, पांढरीफेक, टोक मिटलेलं. हिरवी झाक असली तर उमलत नाही, टोक सुटलेलं असलं तर थेटरात पोचायच्या आधीच फुलून मोकळी. बरोबर कळी सकाळी तोडून ओल्या फडक्यात ठेवली की दिवेलागणीला उमलते. म्हणजे तिसऱ्या अंकात! हे यांनी शिकवलं.
गजरे दोन लागतात. पहिल्या अंकाचा साधा, शेवटाला निरगाठ, ओढली तरी न सुटणारी. तिसऱ्याचा वेगळा. तो साखळीसारखा सैल विणायचा अन् शेवटाला सुरगाठ. एक टोक ओढलं की सगळी फुलं सुटतात. का असं, मी विचारलं होतं पूर्वी. म्हणले, नटीला वेष बदलायची घाई असते.
अंजिरी लुगडं काढून ठेवलंय. सोनी म्हणते पर्स घे. पर्समध्ये काय ठेवू, अडकित्ता?

९ एप्रिल, सोमवार
काल लिहायला झालं नाही. सगळं लिहायचंय. आधी गंमत लिहिते.
रिक्षानं गेलो. पंचवटीत मारुतीपुढं रांग, रुईच्या माळा घेऊन बाया उभ्या. मी हात जोडले, म्हणलं, देवा, आज मी नाटकाला चालले, रागवू नको. थेटरात दारापाशीच पूजा मांडलेली, नारळ फोडलेला, उदबत्ती. मी आपली चप्पल बाहेर काढून ठेवली. सोनी म्हणली, आजी, घाल, इथं कुणी काढत नाही. मी म्हणलं, नारळ फोडला तिथं मी चप्पल घालून जाणार नाही. गेले अनवाणी. आत गारेगार फरशी. खुर्ची मिटलेली होती ते मला काय माहीत, बसायला गेले ती खालीच. शेजारच्या बाई म्हणल्या, "लागलं का हो आजी?" म्हणलं, लागलं नाही, नाटक सुरू झालं माझं. त्या इतक्या हसल्या की त्यांचं लेकरू जागं झालं.
तिसरी रांग, बरं का. पडदा उघडला अन् आमचाच मोगरा! हेमलताबाईनं मान वळवली की दिसायचा. मी सोनीला कोपर मारून मारून दाखवला. "आजी, कळलं," म्हणली शेवटी, हात चोळत. गाणं सुरू झालं तर मला सगळं पाठ. यांच्या तोंडून तीस वर्षं ऐकलेलं, फक्त हे जरा घोगरं म्हणायचे. मी म्हणायला लागले तर पुढचे दोघं वळून बघायला लागले. लोकांना एक गाणं आवडलं, तर ओरडून ओरडून तीनदा म्हणायला लावलं. विरहाचं गाणं ते. बिचारीला तीनदा रडवलं.
दुसऱ्या अंकात राजा नावेत बसून परमुलखाला जातो. हेही माहीत होतं. मी सोनीला म्हणलं, आता बघ, तिसऱ्या अंकात परत येतो. ती झोपाळ्यावर बसलेली असते, तो मागून येऊन तिचा गजरा नीट करतो, मग दोघं मिळून गातात. मला असंच माहीत होतं.
तिसरा अंक लागला. हेमलता झोपाळ्यावर. दुसरा गजरा आता तिच्या केसात. अन् वास आला! देवाशप्पथ, तिसऱ्या रांगेत वास आला. उमलली कळी बरोबर वेळेवर. माझं काळीज सुपाएवढं झालं. मनात म्हणलं, अहो, उमलली बघा.
मग एक नावाडी आला. राजा नाही आला. नावाडी खाली मान घालून उभा राहिला. पेटी थांबली. तिनं हात मागं नेला, गजऱ्याचं टोक धरलं अन् ओढलं. एकदाच. सगळी फुलं खाली. टपटप आवाज नाही, काही नाही, नुसती खाली. त्यात ती उभी.
ती गाठ मी घातलेली. इतकी वर्षं मीच घालतेय.
पुढं काही दिसलं नाही मला. लोक टाळ्या वाजवत होते.

१० एप्रिल, मंगळवार
कालचं अर्धं राहिलं. हात दुखला, अन् नुसता हातच नाही.
पडदा पडल्यावर सोनी मला मागं घेऊन गेली. म्हातारे पेटीवाले होते, त्यांनी खुर्ची दिली. आधी यांची चौकशी केली. मी म्हणलं, मला एक सांगा, आमच्या यांनी हा शेवट कधी बघितला का?
ते म्हणले, "एकदाच, वहिनी. लई वर्षं झाली. आधी साधा गजरा यायचा. तो ओढला की निघायचाच नाही, बाईंचे केस हातात यायचे, लोक हसायचे. त्या साली माळीबुवा शेवटपर्यंत थांबले. टोपली छातीशी धरून, त्या तिथं विंगेत. डोळे पुसत गेले. पुढच्या साली येताना तो सुरगाठीचा गजरा घेऊनच आले. त्यांचीच अक्कल ती. पण नंतर पुन्हा कधी थांबले नाहीत. म्हणायचे, आरतीचे हार आहेत."
मला ते साल आठवलं. आरतीचे हार त्या दिवशी उशिरा गेले, पुजारीबुवा घरी येऊन बोलून गेले. आमची कमल गेली ते साल. माझी धाकटी. सहा वर्षांची होती, तापानं गेली. मी तोंड उघडत नव्हते, जेवत नव्हते, नुसती फुलं ओवत होते. हे घरी आले, माझ्यासमोर बसले अन् नाटक सांगायला लागले. नेहमी दोन अंकच सांगायचे, तिसरा बघितलेलाच नसायचा. त्या दिवशी तिसरा अंक सुरू केला. हेमलता झोपाळ्यावर बसली म्हणले, अन् थांबले. मी म्हणलं, पुढं?
किती दिवसांनी मी बोलले होते.
हे माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणले, "पुढं काय, राजा आला की परत."

११ एप्रिल, बुधवार
यांना काही सांगितलं नाही अजून. रविवारपासून विचारतायत. मी खोलीत गेले की "पुढं?" मी खुर्चीची गंमत सांगितली, चपलेची सांगितली. डावा गाल हलतो, तेच यांचं हसणं. पण परत "पुढं?"
पहिला अंक सांगितला. यांचीच लकब उचलली, आधी पडदा कसा होता, मग माणसं.
सुरेखा दारात उभी राहून ऐकत होती. म्हणली, "आई, तुम्ही तर बाबांसारखंच सांगता." डाळ करपली तिची.

१५ एप्रिल, रविवार
दुसरा अंक सांगितला. राजा नावेत बसला तिथपर्यंत. विरहाचं गाणं मी म्हणलं. माझा आवाज म्हणजे फुटकं मडकं, पण म्हणलं. यांनी ओठ हलवले. आवाज नाही. सोनी म्हणली आजोबांना शब्द येतायत. मला नाही वाटत. ओठांना सवय असते.
पेज जात नाही आता. पाणी चमच्यानं. ठसका लागतो.

१९ एप्रिल, गुरुवार
डॉक्टर येऊन गेले. बाळूला अंगणात घेऊन बोलले. डॉक्टर गेले तसा बाळू थेट पाण्याच्या मोटरीपाशी गेला, मोटर चालू नव्हती तरी तिथंच उभा राहिला. मी म्हणलं, "मला सांग, मी लहान आहे का?"
"घरीच ठेवा म्हणले, आई. जे आवडतं ते करा म्हणले."
मोगऱ्याला आळं करून घेतलं. पानांवर कीड दिसतेय. कुणी बघायला नाही.

२१ एप्रिल, शनिवार
झोपूनच असतात. डोळे उघडले की मला शोधतात. "पुढं?"
मी विचार करते. यांना शेवट माहीत आहे. मला माहीत आहे हे यांना माहीत आहे का? त्या दिवशी थेटरातून आले तेव्हा माझ्या तोंडावर दिसलंच असेल. पन्नास वर्षं माझं तोंड वाचलंय त्यांनी, अक्षरापेक्षा तेच बरं वाचतात. मग विचारतात कशाला? खरं सांगते का बघतायत? का त्यांना तोच ऐकायचाय, त्यांनी माझ्यासाठी केलेला?
सोनीला विचारलं. म्हणली, "आजी, राजा आला म्हणून सांग ना, काय बिघडतं?" पोर चांगली आहे. पण तिला कुठून कळायचं…

२५ एप्रिल, बुधवार
उद्या आखाजी, अक्षय्य तृतीया. सुरेखानं घागर घासून ठेवली, माझ्या गेलेल्या सासू-सासऱ्यांच्या नावानं भरायची. तिच्या शेजारी दुसरी एक ठेवलेली दिसली. मी उचलून वर माळ्यावर ठेवली.
सकाळी थोड्या कळ्या तोडल्या, माझ्यापुरत्या. टपोऱ्या, टोक मिटलेल्या. दुपारी गजरा केला. सैल विणला नाही. एकेक कळी आवळून बांधली अन् शेवटाला निरगाठ मारली, वर परत एक. माळला. किती वर्षांनी. सोनी म्हणली, "काय आजी, लगीन का काय?" म्हणलं, झालंय माझं.
चार वाजता यांच्याजवळ जाऊन बसले. डोळे उघडे होते. मी तिसरा अंक सुरू केला. पडदा उघडला, हेमलता झोपाळ्यावर बसली, केसात आपला मोगरा. अन् थांबले.
यांनी डावा हात उचलला. लय वेळ लागला. माझ्या केसापर्यंत आणला, गजऱ्याचं टोक शोधलं अन् ओढलं. टोपलीत घालायच्या आधी गाठ तपासायचे तसंच. सुटली नाही. परत ओढलं. मग हात तिथंच राहिला, मानेवर, हलका, पानासारखा.
"पुढं?" म्हणले.
मी म्हणलं, "थांबा की. कळ्या उमलू द्या आधी."
हात अजून तिथंच आहे. डाव्या हातानं वही धरून उजव्यानं लिहितेय, हलत नाही मी. ऊन भिंतीवरून खाली येतंय. वास नाही आला अजून.